क्षयाच्या छायेत दडलेले जंतू

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या प्रत्येक माणसाचा बेडका क्षयासाठी तपासावा, हा आपल्या आरोग्यखात्याचा शिरस्ता आहे आणि तो सर्वस्वी योग्य आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश ज्या देशात राहतात, त्या देशातील वैद्याने खोकणाऱ्या, कृश होत चाललेल्या, सायंकाळी अंगात कसर भरणाऱ्या रोग्याकडे पाहून प्रथम क्षयाचाच विचार करावा, यात बुद्धिमांद्य नसून व्यवहारज्ञान आहे. परंतु कोणताही शिरस्ता, मग तो कितीही हितकर असो, एकदा दप्तरी रुळला म्हणजे आपल्याबरोबर थोडा आंधळेपणाही आणतो. ज्या प्रश्नाचे अर्धे उत्तर छापील फॉर्मवर आधीच लिहिलेले असते, तो प्रश्न पुन्हा कोणी विचारीत नाही. बेडक्यात जंतू सापडले नाहीत, क्ष-किरणचित्रात मात्र फुप्फुसाच्या वरच्या भागी छाया दिसते आणि ताप तर हटत नाही, अशा वेळी जंतूंच्या पुराव्यावाचूनही क्षयाची औषधे सुरू करण्याची मुभा याच शिरस्त्यात आहे. आणि या मुभेच्या उदार दारातून असेही रोगी आत जातात, की ज्यांच्या फुप्फुसात क्षयाचा जंतू नसून दुसराच कोणी ठाण मांडून बसलेला असतो.

हे दुसरे कोण, ते ओळखावे कसे आणि ओळखल्यावर त्यांचा बंदोबस्त करावा कसा, याचा आढावा घेताना आरंभीच एक भेद लक्षात घेतला पाहिजे. श्वसनमार्गाचे जे जंतुसंसर्ग विरळ म्हणून गणले जातात, त्यांपैकी काही खरोखरच विरळ आहेत. पण काहींची विरळता निसर्गाने घडवलेली नसून प्रयोगशाळेच्या नोंदवहीने घडवलेली आहे, असे मानण्यास भरपूर आधार आहे. जो जंतू ओळखण्याची सोय नाही तो नोंदवहीत उतरत नाही. जो नोंदवहीत उतरत नाही त्याची संख्या शून्य भरते. आणि ज्याची संख्या शून्य, त्याच्यासाठी माध्यमे, यंत्रे आणि शिक्षण यांवर खर्च मंजूर करण्यास कोणताही कारभारी धजत नाही, आणि मग तो जंतू ओळखण्याची सोयही कधी होत नाही. या चक्राला छेद कधी एखाद्या चिकित्सकाच्या संशयी स्वभावाने दिला, कधी एखाद्या प्रयोगशाळेतील माणसाच्या रुखरुखीने.

या दृष्टीने सर्वांत बोधप्रद इतिहास मेलिओइडोसिस या रोगाचा आहे. १९११ साली रंगूनच्या रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ असलेले कॅप्टन आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांच्यापुढे शवविच्छेदनासाठी काही प्रेते आली. त्यांतले पुष्कळसे लोक निराश्रित, मॉर्फिनच्या सुया टोचून घेणारे. फुप्फुसात घट्ट झालेले पुवाचे पुंजके, यकृतात आणि प्लीहेतही गळवे. दिसण्यात हा सारा प्रकार घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स या रोगाशी जुळणारा होता, आणि तेवढी नोंद करून प्रेत दहनास वा दफनास मोकळे केले असते, तर कोणी दोष दिला नसता. पण या माणसांचा घोड्यांशी संबंध आल्याचा दाखला नव्हता. शिवाय पुवातून वाढवलेला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली चळवळ करीत होता, आणि ग्लँडर्सचा जंतू तर निश्चल असतो. एवढ्या दोन विसंगतींवर विसंबून या दोघांनी हा पूर्वी अवर्णित असा नवा रोग असल्याचे १९१२ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये जाहीर केले. सरकारी चाकरीतल्या विकृतिशास्त्रज्ञाने शवागारातील कामाच्या रगाड्यात विसंगतीला विसंगती म्हणण्याचे धैर्य दाखवावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. आणि कृष्णस्वामींचे नाव मात्र पुढे बहुतेक पाठ्यपुस्तकांतून गळून गेले आणि रोग ‘व्हिटमोरचा’ ठरला, हेही त्या काळच्या रिवाजाला धरूनच झाले.

पुढे १९२१ साली मलायात स्टँटन आणि फ्लेचर यांनी या रोगाला आजचे नाव दिले. त्यांची समजूत अशी, की उंदीर-घुशी हा रोग बाळगतात. जंतूचे खरे घर उष्ण कटिबंधातील ओली माती आणि साचलेले पाणी हे आहे, हे कळण्यास पन्नासचे दशक उजाडावे लागले. इंडोचायनात लढणाऱ्या फ्रेंच सैनिकांना आणि नंतर व्हिएतनामातील अमेरिकनांना त्याने ग्रासले. घरी परतून वर्षे लोटल्यावर काहींच्या शरीरात तो अकस्मात जागा झाला, म्हणून त्याला ‘व्हिएतनामचा टाइमबॉम्ब’ असेही म्हटले गेले. सामान्यतः संसर्गानंतर एक ते एकवीस दिवसांत रोग प्रकट होतो. परंतु दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात युद्धकैदी असलेल्या एका अमेरिकन माणसात तो ६२ वर्षांनी प्रकट झाल्याचा दाखला वैद्यकीय वाङ्मयात आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो आणि सुमारे ८९,००० त्याने मरतात. अंदाजच तो, पण त्यात दक्षिण आशियाचा वाटा फार मोठा धरलेला आहे, आणि प्रत्यक्ष नोंदी मात्र त्या मानाने नगण्य आहेत.

आता आपल्याकडील कैफियत पाहावी. व्हिटमोर-कृष्णस्वामींच्या काळी ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता आणि त्यांचा शोध प्रसिद्ध झाला तोही कलकत्त्याच्या नियतकालिकात. तरीही भारतातील मानवी रोगाचा पहिला दाखला म्हणून सामान्यतः ज्याचा निर्देश होतो, ते मुंबईतील एका बालकाच्या आजाराचे वर्णन १९९१ साली छापले गेले, म्हणजे मध्ये सुमारे ऐंशी वर्षे गेली. त्यानंतर वेल्लोर आणि मणिपाल येथील वैद्यकीय महाविद्यालयांतून रोगी सापडू लागले, आणि जसजसे शोधणारे वाढले तसतसे सापडणारेही वाढले. आज उडुपी-मंगळुरूचा किनारा या रोगाचे ठिकाण म्हणून सर्वमान्य आहे. गोव्यातूनही रोगी नोंदले गेले आहेत. पाऊस, लाल माती, भाताची खाचरे, अनवाणी पायांनी होणारी लावणी आणि घरोघर वाढत चाललेला मधुमेह या सर्व गोष्टी ज्या पट्ट्यात एकत्र येतात तो पट्टा तेरेखोल नदीच्या मुखाशी येऊन एकाएकी संपतो आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जंतू शिरत नाही, असे मानावयाचे असेल तर जंतूंना राज्यांच्या सरहद्दी कळतात असेही मानावे लागेल. कोकणातून नोंदी थोड्या आहेत. त्याचे कारण मातीत शोधण्यापूर्वी प्रयोगशाळेत शोधावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मधुमेह हा या रोगाचा सर्वांत मोठा सोबती. त्याखालोखाल दीर्घ मद्यपान, मूत्रपिंडाचे आणि फुप्फुसाचे जुने विकार येतात. जंतू पायाच्या भेगेतून शिरतो, दूषित पाण्यातून शिरतो, आणि वादळी पावसात उडालेल्या तुषारांबरोबर श्वासावाटेही शिरतो. उत्तर ऑस्ट्रेलियात वादळांच्या दिवसांनंतर न्यूमोनियाच्या स्वरूपाचे रोगी वाढतात, असे तेथील चिकित्सकांनी अनेक वर्षे टिपून ठेवले आहे. तीव्र स्वरूपात रोगी दोन-तीन दिवसांत रक्तदोषाने दगावतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसता न्यूमोनिया किंवा सेप्सिस लिहिले जाते. जीर्ण स्वरूपात तो महिनोन्महिने खोकतो, वाळतो, फुप्फुसाच्या वरच्या खंडात पोकळी पडते. म्हणजे क्षयाचे सारे सोंग तो इतके हुबेहूब वठवतो, की क्ष-किरणचित्र पाहून भेद करणे निष्णातालाही कठीण व्हावे. अशा वेळी चिकित्सकाच्या हाती जे धागे राहतात ते रोग्याच्या हकिकतीत असतात : मधुमेह आहे, पावसाळ्यात चिखलात काम केले आहे, बेडका पुन्हा पुन्हा तपासूनही क्षय सापडत नाही, पोटाच्या सोनोग्राफीत प्लीहेत वा यकृतात बारीक गळवे आहेत, पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीतही पू आहे. यांतले दोन-तीन एकत्र आले, तर क्षयाची औषधे लिहिण्यापूर्वी रक्ताचे, बेडक्याचे, लघवीचे आणि घशातील लेपाचे कल्चर लावलेच पाहिजे.

पण कल्चर लावले म्हणजे निदान झाले, असे नाही. या रोगाच्या बाबतीत खरा घोटाळा पुढेच होतो. हा जंतू वाढवण्यास मुळीच कठीण नाही; नेहमीच्या माध्यमावर तो वाढतो. मात्र बेडक्यात आणि घशात इतर जंतूंची गर्दी असते आणि हा सावकाश वाढतो, त्यामुळे चोवीस तासांनी तबकडी पाहून ती टाकून देण्याची जेथे रीत आहे तेथे तो दृष्टीसच पडत नाही. त्याच्या सुरकुतलेल्या, कोरड्या वसाहती दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसू लागतात. दृष्टीस पडला तरी ‘स्यूडोमोनस जातीचा जंतू, बहुधा बाहेरून मिसळलेला’ असा शेरा मारून त्याची वासलात लावली जाते. यंत्रांनी हा प्रश्न सोडवला, असेही म्हणवत नाही. जंतू ओळखणारी प्रचलित स्वयंचलित यंत्रे त्याला त्याच्या चुलत जातीचे, सेपेशियाचे, नाव देत असल्याचे वारंवार दिसले आहे, आणि प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणाऱ्या नव्या यंत्रातही संदर्भसंग्रह अपुरा असेल तर तो थायलँडेन्सिस या निरुपद्रवी भाईबंदाच्या नावाने छापून येतो. म्हणजे यंत्राचा हवाला देऊन चूक अधिकच ठाम होते.

आणि गंमत अशी, की या जंतूचा सुगावा लावण्याची अगदी स्वस्त युक्ती कोणत्याही जिल्हा रुग्णालयाला परवडणारी आहे. जो ग्रॅम-ऋण जंतू ऑक्सिडेज परीक्षेत जांभळा रंग देतो, जेंटामायसिनला आणि कोलिस्टिनला दाद देत नाही, परंतु अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाला मात्र बळी पडतो, तो मेलिओइडोसिसचा जंतू असण्याचा दाट संशय धरून त्याची खातरजमा करून घ्यावी. तीन ठिपक्यांच्या तबकडीवर हे सारे दिसते. काही प्रदेशांत जेंटामायसिनला वश होणारे प्रकारही आढळले आहेत, म्हणून युक्ती अचूक नव्हे, पण नसण्यापेक्षा शतपट बरी. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिलच्या अ‍ॅशडाउन यांनी १९७९ साली जेंटामायसिन आणि क्रिस्टल व्हायोलेट घालून जे निवडक माध्यम बनवले, त्यावर इतर जंतू मागे पडतात आणि हाच पुढे येतो. घशाचा लेप आणि बेडका यांसाठी ते विशेष उपयोगी. इतके करूनही एका कल्चरची पकड साठ टक्क्यांच्या आसपासच भरते, असे थायलंडमधील अभ्यासावरून अनुमान आहे. सबब एकदा ‘जंतू वाढला नाही’ असा रिपोर्ट आला म्हणून प्रकरण दप्तरदाखल करणे योग्य नाही. आणखी एक दक्षता प्रयोगशाळेतील माणसांच्या जिवाशी संबंधित आहे : हा जंतू उघड्या टेबलावर हाताळावयाचा नसतो, आणि म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर ‘मेलिओइडोसिसचा संशय’ असे दोन शब्द लिहिणे हे चिकित्सकाचे नुसते सौजन्य नसून कर्तव्य आहे. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर बहुधा रोग्याचे नाव, वय आणि ‘कल्चर’ एवढाच मजकूर असतो.

क्षयाच्या छायेत वावरणारे इतरही आहेत. त्यांत संख्येने मोठा वर्ग क्षयजंतूच्याच कुळातील, पण क्षय न करणाऱ्या मायकोबॅक्टेरियांचा. हे माती-पाण्यात सर्वत्र असतात. आम्लाने धुतल्यावरही रंग न सोडण्याचा कुलधर्म तेही पाळतात, त्यामुळे झील-नील्सनच्या रंगाने तपासलेल्या काचपट्टीवर क्षयाचा जंतू आणि हा यांत तिळमात्र फरक दिसत नाही. काचपट्टीवर जंतू आहेत आणि जनुकीय चाचणी मात्र क्षय नाही म्हणते, किंवा क्षयाची औषधे नियमाने घेऊनही बेडक्यातील जंतू हटत नाहीत म्हणून रोग्यावर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा शिक्का बसू पाहतो, अशा दोन प्रसंगी यांचा विचार झालाच पाहिजे. उलट, हे पाण्यातूनही नमुन्यात मिसळू शकतात, म्हणून एका बेडक्यात सापडले एवढ्यावर रोग ठरत नाही. लक्षणे आणि क्ष-किरणचित्र जुळून किमान दोन निरनिराळ्या बेडक्यांत, किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या फुप्फुसाच्या धुवणात एकदा, तोच जंतू वाढला पाहिजे, असा संकेत आहे. येथे घाईने ‘आहे’ म्हणणे हे ‘नाही’ म्हणण्याइतकेच महागात पडते, कारण उपचाराची मुदत जंतू नाहीसे झाल्यापासून पुढे बारा महिने असते. या वर्गातील अ‍ॅब्सेसस या जंतूची एक खोडी सांगण्याजोगी आहे : क्लॅरिथ्रोमायसिन या औषधापुढे तो पहिले काही दिवस नमतो आणि मग औषधाच्या सहवासातच प्रतिकाराचे जनुक जागे करतो, म्हणून त्याची चाचणी चौदा दिवस ठेवून मग वाचावयाची असते. तिसऱ्या दिवशी वाचणाऱ्याला औषध लागू आहे असे दिसते, आणि रोग्याला ते लागू पडत नाही.

नोकार्डिया हा असाच तिसरा. फ्रेंच पशुवैद्य एडमाँ नोकार यांनी १८८८ साली गुरांच्या रोगात तो प्रथम पाहिला. फांद्या फुटलेल्या बारीक तंतूंसारखा हा जंतू आम्लापुढे अर्धवटच टिकतो. क्षयाच्या तपासणीतील तीव्र आम्लाने धुतला तर रंग सोडतो, एक टक्का आम्लाने धुतला तर राखतो, आणि वाढण्यास कधी दोन-तीन आठवडे घेतो. स्टेरॉइड घेणाऱ्या, मूत्रपिंड बदललेल्या रोग्याच्या फुप्फुसात तो सापडला, तर डोके दुखत नसले तरी मेंदूचे चित्र काढावे, कारण तेथे गळू करण्याची त्याला आवड आहे. अ‍ॅक्टिनोमायकोसिसचा जंतू याउलट प्राणवायूला घाबरणारा, किडक्या दातांतून खाली उतरणारा. फुप्फुसाचे खंड, फासळ्या, छातीची भिंत कशाचीही मर्यादा न मानता तो पसरतो, म्हणून शल्यविशारद कर्करोग समजून फुप्फुसाचा भाग काढतात आणि मग त्यात पिवळे कण सापडतात. पेनिसिलिनसारख्या जुन्या औषधाला तो आजही वश आहे, मात्र सहा महिने ते वर्षभर ते घ्यावे लागते. सिस्टिक फायब्रोसिसच्या रोग्यांना पछाडणाऱ्या सेपेशियाचा येथे नामनिर्देश पुरे.

आतापर्यंतचे जंतू निदान वाढतात तरी. नेहमीच्या माध्यमावर मुळीच न वाढणाऱ्याचे काय होते, हे फिलाडेल्फियात दिसले. १९७६ च्या जुलै महिन्यात, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी, तेथील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लिजन’ या संघटनेचा मेळावा भरला, आणि घरी परतलेले लोक न्यूमोनियाने पटापट मरू लागले. एकूण मृत्यू ३४ झाले. देशातील सर्वांत संपन्न रोगनियंत्रण संस्था कामाला लागली, विषारी धातूंपासून फ्लूपर्यंत सारे तपासले, आणि महिने लोटले तरी हाती काही आले नाही. तेथील जोसेफ मॅकडेड यांनी आरंभीच्या तपासणीत गिनिपिगांच्या ऊतींत तुरळक दांडीसारखे जंतू पाहिले होते आणि ते भेसळ म्हणून बाजूला टाकले होते. नाताळच्या सुट्टीच्या दिवसांत त्या जुन्या काचपट्ट्या त्यांनी पुन्हा काढल्या, एका ठिकाणी जंतूंचा पुंजका दिसला, आणि मग कोंबडीच्या अंड्यात, यावेळी इतर जंतू मारण्यासाठी घालावयाचे प्रतिजैविक मुद्दाम न घालता, त्यांनी तो वाढवला. जानेवारी १९७७ मध्ये शोध जाहीर झाला. जो उपाय भेसळ टाळण्यासाठी योजला होता त्यानेच खरा आरोपी नाहीसा केला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे : १९६५ सालच्या वॉशिंग्टनमधील एका रुग्णालयातील आणि १९६८ सालच्या पाँटिअ‍ॅक गावातील उलगडा न झालेल्या साथींतील रोग्यांचे रक्तद्रव्य जपून ठेवलेले होते, ते तपासता त्यांतही याच जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये आढळली. नवा म्हणून गाजलेला रोग निदान अकरा वर्षे तरी जुना निघाला.

हा जंतू, म्हणजे लिजिओनेला, कोळसा, यीस्ट, लोह आणि सिस्टीन घातलेल्या खास माध्यमावर वाढतो; वातानुकूलनाच्या शीतक मनोऱ्यांत आणि कोमट पाण्याच्या नळांत राहतो; पेनिसिलिनच्या वर्गाला तो दाद देत नाही, कारण तो पेशीच्या आत राहतो, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन त्याला लागू पडते. लघवीतील प्रतिजनाची चाचणी काही मिनिटांत उत्तर देते, पण ती त्याच्या एकाच, पहिल्या गटापुरती विश्वासार्ह आहे. ती ‘नाही’ म्हणाली तर औषध बंद करू नये. मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींवर असे मनोरे आता थोडे नाहीत, आणि ही चाचणी मोठ्या रुग्णालयांबाहेर क्वचितच मागवली जाते.

वरच्या श्वसनमार्गाकडे वळताना रायनोस्क्लेरोमाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण ज्या थोड्या देशांत तो आजही भेटतो त्यांत भारत आहे. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी १८७० साली वर्णन केले तेव्हा त्यांना ती गाठ अर्बुदाची वाटली. पुढल्या काही वर्षांत मिकुलिच यांनी ती दाहजन्य असल्याचे दाखवले आणि १८८२ साली फ्रिश यांनी जंतू शोधला, तो क्लेबसिएलाच्या जातीचा. प्रारंभी नुसती सर्दी, खपल्या, दुर्गंधी. मग नाकात कठीण गाठी. मग व्रण आणि आक्रसणे, जे स्वरयंत्र आणि श्वासनलिकेपर्यंत उतरले तर श्वासच कोंडतो आणि गळ्यात छिद्र पाडण्याची पाळी येते. गरीब ग्रामीण कुटुंबातील तरुण स्त्री वर्षानुवर्षे ‘जुनाट पडसे’ म्हणून घरगुती इलाज करते आणि दवाखान्यात येते ती नाक विद्रूप झाल्यावर. तेथेही कुष्ठरोग, क्षय, कर्करोग यांचीच नावे प्रथम सुचतात. कल्चर निम्म्या-साठ टक्के रोग्यांतच जंतू देते, म्हणून निर्णय गाठीच्या तुकड्यावर होतो : फेसाळ दिसणाऱ्या मिकुलिच पेशी दिसल्या म्हणजे शंका फिटते. पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन देत, आता बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन. पण आठवड्याचा कोर्स येथे निरुपयोगी, महिन्यांचा हिशेब ठेवावा लागतो.

घटसर्पाचे उलट आहे. त्याला विरळ म्हणणे हे लसीकरणाचे यश. आणि त्या यशाचे एक अपत्य असे, की घशातील करडा, चिकट, ओढता रक्त येणारा पापुद्रा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले तरुण डॉक्टर आता थोडे. येथे कल्चरची वाट पाहणे घातक आहे. विष पेशींना चिकटले की प्रतिविषाचा उपयोग संपतो, म्हणून संशय येताच प्रतिविष द्यावयाचे आणि रुजुवात नंतर करावयाची. जंतू सापडला तरी तो विष निर्माण करणारा आहे की नाही हे एलेक यांच्या १९४८ सालच्या अवक्षेप-परीक्षेने किंवा जनुकीय चाचणीने ठरवावे लागते, आणि दोन्ही गोष्टी मोजक्याच ठिकाणी होतात.

नमुना केव्हा घेतला यावर सारे निदान कसे अवलंबून असते, याचा दाखला १९९४ सालाने दिला. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठींच्या प्लेगची नोंद झाली आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची हाकाटी उठली. शहरातून लाखो लोक पळाले, टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनासे झाले, परदेशांनी विमाने थांबवली. औषधे योग्य होती, आणि मृत्यू भीतीच्या मानाने थोडे झाले. परंतु रोग नक्की प्लेगच होता काय, हा वाद पुढे कित्येक महिने चालला, डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि तिने प्लेगचाच निर्वाळा दिल्यावरही शंकेखोरांचे समाधान झाले नाही. औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्त आणि बेडका यांचे नमुने घेऊन ठेवण्यास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे हुकली, की पुढे कोणतीही समिती ती परत आणू शकत नाही. आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत न्यूमोनियाच्या रोग्याला कल्चरपूर्वीच दोन-तीन प्रतिजैविके देऊन मोठ्या रुग्णालयात धाडण्याचा प्रघात आहे, आणि त्यात लिव्होफ्लॉक्सासिन असले, तर ते क्षयालाही अर्धवट दाबून टाकते, म्हणजे विरळ रोग सापडत नाही तो नाहीच, नेहमीचाही झाकला जातो.

उपचाराविषयी विचार करता, या सर्व रोगांत औषध कोणते यापेक्षा औषध किती काळ, हा प्रश्न अधिक अवघड ठरतो. मेलिओइडोसिसमध्ये मात्र दोन्ही प्रश्नांना सारखेच वजन आहे. न्यूमोनियासाठी सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रिआक्सोन येथे पुरे पडत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, डॉक्सीसायक्लिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल यांचे जुने मिश्रण देऊन तीव्र रोग्यांपैकी ७४ टक्के मरत होते. थायलंडमधील उबोन रॅचथानी येथे सेफ्टाझिडिम देऊन पाहिले तेव्हा तो आकडा ३७ वर आला. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या या चाचणीने रोगाच्या इतिहासाचे दोन भाग केले. आज सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस, खोल गळवे असतील तर त्याहून पुष्कळ अधिक, आणि नंतर जंतूचे मूळ उखडण्यासाठी को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने, असा क्रम ठरलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरात तातडीचे निदान, अतिदक्षता विभाग आणि औषधांचा अखंड पुरवठा यांच्या बळावर मृत्यूचे प्रमाण अलीकडे दहा टक्क्यांच्या आत आले आहे. जंतू तोच, औषधेही तीच, मग उबोन आणि डार्विन यांतील अंतर कशाचे, हे वेगळे सांगावयास नको.

तीन महिन्यांच्या गोळ्यांचा टप्पा सर्वांत नाजूक. पंधरा दिवसांत ताप गेलेला, कामाला लागलेला माणूस दिवसाला चार मोठ्या गोळ्या कशासाठी घेईल? त्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठते, मूत्रपिंड बिघडलेल्यात रक्तातील पोटॅशियम चढते, गावच्या दुकानात त्या सलग मिळतीलच असे नाही. अर्ध्यावर सोडणाऱ्यांत रोग उलटतो. क्षयाच्या रोग्यामागे सरकारी यंत्रणा आहे, गोळ्या फुकट आहेत, तगादा लावणारा कार्यकर्ता आहे. येथे त्यातले काहीच नाही, आणि ती यंत्रणा या रोग्यांसाठीही वापरण्याची तजवीज करणे फारसे खर्चिक नसावे. रोग परत आला तर तो जुनाच उसळला की मातीतून नवा लागला, हे ठरवण्यासाठी पहिल्या वेळचा जंतू शीतपेटीत जपलेला असावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो रिपोर्ट छापून झाल्यावर नष्ट केलेला असतो.

लस अद्याप नाही. डार्विनमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्याधिकारी मधुमेह्यांना सूचना काढतात, की चिखलात बूट घाला, जखमा झाका, वादळात घराबाहेर पडू नका. थायलंडमधील शेतकऱ्यांना हेच सांगितले तेव्हा त्यांनी सांगितले, की बूट चिखलात रुततात, त्यात पाणी शिरते, चालवत नाही. कोकणातील लावणी करणारी बाई याहून वेगळे उत्तर देईल असे वाटत नाही. आणि तिच्या रक्तातील साखर किती आहे, हे तिला विचारल्यास तेही बहुधा तिला ठाऊक नसते.